एकटीने बास्केटबॉलचा सराव: तासाभरात नेमकं काय करावं?

सावली_नाशिक
माझी लेक तेरा वर्षांची आहे, शाळेच्या संघात खेळते. सरांचं कोचिंग आठवड्यातून तीन संध्याकाळी असतं. वीसेक मुलं आणि दोन रिंगा, त्यामुळे चेंडू प्रत्येकीच्या हातात थोडाच वेळ येतो. उरलेल्या दिवशी सकाळी ती घराजवळच्या महापालिकेच्या मैदानावर जाते. तिथलं सिमेंटचं कोर्ट शाळेच्या वेळेपर्यंत रिकामंच असतं.

मी बाकावर बसून बघते. गेली की थेट तीनच्या रेषेवर (जिच्या बाहेरून बास्केट पडला की तीन गुण मिळतात) उभी राहते आणि बास्केट मारत सुटते. दहात एखादा जातो, बाकी वेळ चेंडूमागे पळण्यात जातो. डावा हात तर वापरतच नाही. फ्री थ्रो (फाउल झाल्यावर रेषेवरून कोणी न अडवता मिळणारे शॉट) सरावात बरे पडतात, पण मॅचमध्ये रिंगपर्यंतही पोचत नाहीत. चेंडू तिच्या मावसभावाचा, ७ नंबरचा आहे.

मी कधी खेळले नाही. फार तर चेंडू उचलून परत देऊ शकते. व्हिडिओ बघितले तर प्रत्येकजण वेगळं सांगतो. हा एक तास कसा वापरावा? खेळलेल्या, शिकवणाऱ्या मंडळींनी सांगा.

टप्पा
सगळ्यात आधी चेंडू बदला. मुली आणि बायका ६ नंबरने खेळतात, घेर साधारण ७२ ते ७४ सेंटिमीटर. ७ नंबर पुरुषांचा, वजनानेही जास्त. तेरा वर्षांच्या मुलीने लांबून ७ नंबर मारायचा म्हणजे खांद्यावरून किंवा कमरेपासून चेंडू फेकावा लागतो. ती फेकायची सवय एकदा लागली की सोडवताना सरांच्या नाकी नऊ येतात. बाकीचं सगळं त्यानंतर.

डावखुरा
टप्पा यांना पूर्ण अनुमोदन. आणि तीनची रेष सध्या विसरायची. ती रिंगपासून ६.७५ मीटरवर आहे, बाप्यांसाठीही लांबच. शॉट रिंगखालून सुरू होतो आणि घडत घडत मागे सरकतो. मी शाळेच्या मुलांना शिकवतो, त्यांना पहिली दहा मिनिटं हेच देतो:

रिंगसमोर दोन पावलांवर उभं राहायचं. एकाच हाताने चेंडू धरायचा, दुसरा हात पाठीमागे. कोपर चेंडूखाली, गुडघे थोडे वाकलेले. वर उचलायचा, मनगट मोडायचं आणि चेंडू जाळीत पडेपर्यंत हात तसाच वर ठेवायचा. बोर्ड वापरायचा नाही, नुसती जाळी हलली पाहिजे. सलग पाच गेले की एक पाऊल मागे. चुकला की पुन्हा पुढे. चेंडू बोटांवर असावा, तळवा आणि चेंडू यांच्यात थोडी फट दिसली पाहिजे. हे ताईंना बाकावरूनही बघता येईल.

दुसरा सराव मायकन ड्रिल. डाव्या हाताला याच्याइतकं औषधी काही नाही. रिंगखाली उजवीकडे उभं राहायचं, डावा पाय टाकून उजव्या हाताने बोर्डवरच्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्याला चेंडू लावायचा. जाळीतून पडणारा चेंडू जमिनीवर टप्पा पडू न देता पकडायचा, हनुवटीच्या खाली आणायचा नाही. लगेच उजवा पाय टाकून डावीकडून डाव्या हाताने. असं न थांबता अर्धा मिनिट, मग एक मिनिट.

हे नाव जॉर्ज मायकनचं. ६ फूट १० इंच उंचीचा, चष्मा लावणारा मुलगा. १९४२ मध्ये शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात रे मेयर प्रशिक्षक म्हणून आले, तेव्हा तो अगदी अवघडलेला होता. मेयरनी त्याच्याकडून दोरीवरच्या उड्या, शॅडो बॉक्सिंग, चक्क नाचाचे धडे करून घेतले. आणि दोन्ही हातांनी रिंगजवळचे शॉट, रोज, ढिगाने. पुढे तोच मायकन मिनियापोलिस लेकर्स या अमेरिकेतल्या व्यावसायिक संघाकडून त्या काळातला सगळ्यात मोठा खेळाडू झाला. उंची असून त्याला रिंगखालचे हात घडवावे लागले, हे मी प्रत्येक उंच मुलाला सांगतो.

संत्र्याची_बाग
मी नागपूरचा, शिवाजीनगर जिमखान्याच्या कोर्टाबाहेर उभं राहून मोठ्यांचा खेळ बघत लहानाचा मोठा झालो. माझं मत थोडं वेगळं आहे. एकट्या पोरीने बाटल्या मांडून त्यांच्यामधून ड्रिबल केलं, म्हणजे चेंडू आपटत नेला, तर ते छानच, पण बाटली काही हात घालून चेंडू काढत नाही ना! खेळ खेळूनच येतो. तिला एक मैत्रीण जोडून द्या आणि वन-ऑन-वन खेळू द्या. समोर माणूस आला की डावा हात आपोआप निघतो, कारण उजवी बाजू बंद होते. तासभर ड्रिलपेक्षा अर्धा तास वन-ऑन-वन मी कधीही घेईन.

भुईचाफा
आमच्या सोसायटीत सकाळी साडेसहाला चेंडू आपटला की तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा खिडकीत हजर. नाशिककर ताई, रिकामं कोर्ट मिळतंय हे केवढं भाग्य आहे!

डावखुरा
@संत्र्याची_बाग, समोर माणूस हवाच, पण डाव्या हाताने चेंडू सांभाळताच येत नसेल तर ती मुलगी समोरच्याकडे पाठ करून चेंडू लपवते आणि अडकते. खेळताना आपण जे येतं तेच वापरतो. जे येत नाही ते एकट्यानेच, कोणी बघत नसताना करावं लागतं. शाळेतल्या मुली तर डाव्या हाताने सगळ्यांसमोर चुकायला फार संकोचतात.

संत्र्याची_बाग
संकोचाचा मुद्दा पटला, बाप्पा. पण मग प्रमाण सांगा. नुसतं एकटं किती आणि समोरासमोर किती?

मस्तान_तलाव
दोघांचंही खरं आहे. माझं लहानपण मुंबईत नागपाड्याच्या आसपास गेलं. त्या वस्तीने भारताला किती बास्केटबॉलपटू दिले याची आताच्या मुलांना कल्पना नसते. अब्बास मुन्तसिर तिथलेच, भारताचे कर्णधार, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. त्या गल्ल्यांत कोर्ट एक आणि खेळणारे शंभर. हरलेला संघ बाहेर, आणि पुन्हा नंबर कधी लागेल सांगता येत नसे. त्यामुळे आत असताना कोणी वाटेल तसा शॉट घेत नसे. तो दबाव हाच आमचा सराव होता.

पण बाहेर बसलेली पोरं काय करायची? भिंतीवर पास, दोन्ही पायांमधून इंग्रजी आठच्या आकारात चेंडू फिरवणं, बसल्या बसल्या ड्रिबल. म्हणजे ड्रिलच की! कोणी तसं नाव दिलं नव्हतं इतकंच.

आणि एक तक्रार. आजकालची पोरं चेंडू पकडून तीन तीन पावलं टाकतात आणि कोणी शिट्टी वाजवत नाही. आमच्या वेळी सरळ ट्रॅव्हल, म्हणजे जास्त पावलांची चूक, होतं.

टप्पा
@मस्तान_तलाव, काका, २०१७ मध्ये फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, नियम बदलला. पळता पळता चेंडू हातात घेतला तर त्या क्षणी जमिनीवर असलेला पाय मोजत नाहीत, त्याला झिरो स्टेप म्हणतात. त्यानंतर दोन पावलं. म्हणून बघणाऱ्याला तीन वाटतात. उभ्याने चेंडू घेतला असेल तर मात्र ही सवलत नाही, तिथे पिव्हट पाय (जमिनीवर रोवून ज्यावर वळतो तो) उचलायच्या आधी ड्रिबल सुरू झालाच पाहिजे.

मस्तान_तलाव
असं आहे होय! नातवाशी उगाच वाद घालत बसलो नसतो. तरी आमचे दोन पावलांचे लेअप (पळत येऊन रिंगजवळून घातलेले शॉट) दिसायला जास्त देखणे होते, हे मी सोडणार नाही.

कोनमापक
मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि हा माझ्या आवडीचा प्रश्न आहे, म्हणून थोडं सविस्तर.

रिंगचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर. ७ नंबरच्या चेंडूचा व्यास साधारण २४. चेंडू सरळ वरून पडला तर त्याला पूर्ण ४५ सेंटिमीटरची जागा मिळते. पण तो तिरका येतो, तेव्हा त्याच्या बाजूने बघितलं तर रिंग लंबगोल दिसते आणि उपलब्ध जागा कमी होते. ४५ अंशांनी उतरला तर जागा उरते सुमारे ३२ सेंटिमीटर, म्हणजे चेंडूव्यतिरिक्त ८ सेंटिमीटरची मोकळीक. ३५ अंशांनी आला तर जेमतेम २६, मोकळीक २ सेंटिमीटरहून कमी. ३२ अंशांच्या खाली तर रिंगला न लागता चेंडू आत जाऊच शकत नाही.

मग नव्वद अंशांच्या जवळ का मारू नये? कारण जितका उंच मारू तितकी ताकद जास्त लागते, आणि ताकदीतली छोटी चूकही चेंडूला लांब नेते. म्हणून मध्यम कमान बरी. मुलीला अंश सांगू नका. रिंगच्या पुढच्या कडेवरून चेंडू आत टाकायचाय, एवढंच सांगा. तीनच्या रेषेवरून ताकद कमी पडली की मुलं चेंडू सपाट मारतात, आणि सपाट चेंडूला दार अरुंद होतं. तिचे दहातले नऊ का चुकतात याचं मोठं कारण हेच असणार.

मनगट मोडल्याने चेंडूला उलटी फिरकी मिळते. ती असेल तर रिंगला लागलेल्या चेंडूचा वेग मरतो आणि तो तिथेच घोटाळून आत पडण्याची शक्यता वाढते. चेंडूवरच्या काळ्या रेषा हवेत कशा फिरतात ते बाकावरून बघा. सरळ मागे फिरत असतील तर मनगट बरोबर. कडेला गरगरत असतील तर दुसऱ्या हाताचा अंगठा चेंडूला ढकलतोय.

भुईचाफा
कोनमापक सर, शाळेत असं शिकवलं असतं तर मी विज्ञान सोडलं नसतं!

दहा_टाके
मी फिजिओथेरपिस्ट आहे. सिमेंटचं कोर्ट हा शब्द वाचून थांबले. तेराव्या वर्षी हाडं भराभर वाढत असतात. गुडघ्याच्या वाटीच्या खाली जो उंचवटा असतो तिथे दुखतं का, विचारा. दाबल्यावर आणि उडी मारल्यावर दुखत असेल तर उड्यांचा सराव कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा. वाढीच्या वयात हे खूप मुलांना होतं, बहुतेकांचं वाढ थांबल्यावर बरंही होतं, पण दुखणं दाबून खेळू नये.

दुसरं, उतरणं शिकवा. सगळे उडी शिकवतात, उतरणं कोणी शिकवत नाही. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, आवाज न करता. समोरून बघताना गुडघे आतल्या बाजूला एकमेकांकडे झुकत असतील तर ते सुधारायला हवं. या वयाच्या मुलींमध्ये हे फार दिसतं आणि पुढे गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीचं ते एक कारण ठरू शकतं. रोज तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं फक्त उडी आणि उतरणं. शाळेचे कॅनव्हासचे बूट घालून तर अजिबात खेळू देऊ नका.

पोहे_आणि_चहा
इथे अमेरिकेत इंडियानात माझ्या मुलाच्या शाळेत जिम सकाळी उघडी असते, रिंगची उंची खालीवर करता येते. आपल्याकडे सगळीकडे ३.०५ मीटर, मग पोर सहा वर्षांचं असो की सोळा! मिनी बास्केटबॉलची रिंग २.६० मीटरवर असते आणि चेंडू ५ नंबरचा. ही लेक तेराची आहे, तिला पूर्ण उंची चालेल. पण धागा वाचणाऱ्यांपैकी कोणाची मुलं आठ-नऊ वर्षांची असतील तर त्यांनी हे लक्षात ठेवावं. लहान पोरांना पूर्ण उंचीच्या रिंगवर ढकललं की टप्पा म्हणतात ती फेकायची सवय तिथेच लागते.

डावखुरा
आता फ्री थ्रोबद्दल. सरावात पडतात आणि मॅचमध्ये तोकडे पडतात याचं साधं कारण पाय. शॉटची ताकद पायांतून येते. सरावात ती ताजी असते आणि सलग वीस मारते, पाचव्यानंतर हात लागतोच. मॅचमध्ये धावून दमलेली असते आणि मिळतात फक्त दोन.

म्हणून सलग वीस कधीच मारायचे नाहीत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत जाऊन परत यायचं, रेषेवर उभं राहायचं, दोनच मारायचे. मग दुसरा काही सराव, मग पुन्हा दोन. पंचाने चेंडू दिल्यावर ५ सेकंदांत शॉट सुटायला हवा, म्हणून तिची एक ठरलेली पद्धत असू द्या: दोन टप्पे, एक श्वास, रिंगकडे नजर, शॉट. हीच पद्धत दर वेळी.

कोनमापक
नजरेबद्दल भर घालतो. कॅल्गरी विद्यापीठातल्या जोन व्हिकर्स यांनी फ्री थ्रो मारणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या होत्या, १९९६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. चांगले फ्री थ्रो मारणारे शॉटच्या आधी रिंगवरच्या एकाच ठिकाणी नजर जास्त वेळ स्थिर ठेवत होते. कमी तरबेज असलेल्यांची नजर लवकर हलत होती.

आणि सलग वीसऐवजी मिसळून करण्यालाही आधार आहे. शे आणि मॉर्गन यांचा १९७९ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. तो बास्केटबॉलचा नव्हता, हाताच्या साध्या हालचालींचा होता. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करणारे सरावाच्या वेळी पुढे दिसले, पण नंतर तपासल्यावर मिसळून सराव केलेल्यांना जास्त टिकलेलं होतं. त्यामुळे मिसळलेला सराव बाहेरून वाईट दिसला तरी घाबरू नका.

संत्र्याची_बाग
फ्री थ्रोवरून आठवलं, अमेरिकेचा जुना खेळाडू रिक बॅरी दोन्ही हातांनी खालून मारायचा आणि सुमारे ९० टक्के घालायचा! तिथल्याच विल्ट चेंबरलेननेही १९६१-६२ च्या हंगामात खालून मारून पाहिलं. त्याच हंगामात, २ मार्च १९६२ ला, त्याने एका सामन्यात १०० गुण केले, त्यात ३२ पैकी २८ फ्री थ्रो. पुढे ती पद्धत सोडली आणि टक्का पुन्हा घसरला. पोरीला खालून शिकवा म्हणत नाही, पण लोक काय म्हणतील याला न घाबरणारा बॅरी मला भारी आवडतो.

मस्तान_तलाव
आमच्याकडे एकजण तसं मारायचा. मैदान हसायचं आणि चेंडू आत जायचा.

सावली_नाशिक
सगळ्यांचे मनापासून आभार. महिन्याभराने लिहितेय कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

६ नंबरचा चेंडू आणला. पहिल्याच सकाळी फरक दिसला, कोपर आपोआप खाली आलं. तीनची रेष बंद म्हटल्यावर रुसली होती. मग कोनमापकांचं गणित दाखवलं, तर घरी पुठ्ठ्याची रिंग कापून चेंडू तिरका धरून स्वतःच मोजत बसली. तेव्हापासून जवळून मारते. मायकन ड्रिल डाव्या बाजूला अजून अडखळतं, चेंडू हातातून सुटतो, पण आता डावा हात निदान वर जातो. गुडघ्याखाली दुखत नाही, विचारून घेतलं. उतरताना गुडघे थोडे आत येतात, ते रोज बघतेय. फ्री थ्रो दोन-दोनच चाललेत. मॅच अजून झालेली नाही.

एक अडचण राहिली आहे. संत्र्याची_बाग म्हणतात तशी समोर खेळायला सकाळी कोणी मैत्रीण येत नाही. मी उभी राहिले तरी माझा अडथळा तिला काय होणार?

डावखुरा
ताई, झाडू घ्या! खरंच सांगतोय, मोठमोठे प्रशिक्षकही हे करतात. लांब दांड्याचा झाडू उंच धरून तिच्यासमोर उभ्या राहा. ती शॉट मारायला आली की झाडू वर. तिला कमान उंच करावीच लागेल. तुम्हाला खेळता आलं नाही तरी चालतं, हात वर असला की पुरे.

ड्रिबलसाठी तुम्ही आणखी एक करू शकता. ती डाव्या हाताने जागेवर ड्रिबल करत असताना समोर उभं राहून बोटं दाखवा, दोन, चार, एक. तिने न थांबता आकडा सांगायचा. नजर चेंडूवरून उठते. ते जमलं की तिच्या उजव्या हातात टेनिसचा चेंडू द्या, तो वर उडवून झेलायचा आणि डाव्याचा ड्रिबल चालू ठेवायचा.

प्रमाणाचं विचारलं होतं @संत्र्याची_बाग यांनी. या वयाला माझं असं असतं: कोचिंगच्या तीन संध्याकाळी सगळं समोरासमोर, एकट्या सकाळी सगळं हाताचं आणि शॉटचं. रविवारी नुसतं खेळू द्यायचं, मोजायचं काही नाही.

संत्र्याची_बाग
मंजूर. रविवारी माझं ऐकलं म्हणायचं! ताई, त्या वेळी कोर्टावर मुलं खेळत असतील तर तिला त्यांच्यात घुसू द्या. पहिल्या दिवशी पास देणार नाहीत, दुसऱ्या दिवशी देतील. पुण्याच्या शिरीन लिमयेने भारताच्या महिला संघाचं नेतृत्व केलंय, तिच्या मॅच पोरीला नक्की दाखवा. चेंडू हातात नसताना ती कुठे जाते ते बघायला सांगा.

टप्पा
पासिंगचं कोणी बोललंच नाही. कोर्टाजवळ भिंत असेल तर छातीच्या उंचीवर खडूने चौकोन काढा. तीन-चार मीटरवरून दोन्ही हातांनी पास, परत आलेला चेंडू पकडताना जंप स्टॉप (दोन्ही पायांवर एकदम थांबणं), मग पिव्हट करून बाजूला वळणं. नंतर फक्त डाव्या हाताने. पाच मिनिटं पुरतात.

सावली_नाशिक
भिंत आहे, पाण्याच्या टाकीची. खडू आजच घेते. झाडूचं तिला सांगितलं तर म्हणाली, उद्या अलार्म लवकरचा लाव. मॅच झाली की इथेच लिहीन.